वर्षे मोजावीत की उन्हाळे?

धाराशिव तालुक्यातल्या बेंबळीच्या शिवारात ज्वारीही आहे आणि ऊसही. परमिट रूममध्ये 'इंग्लिश' म्हणून मागवल्या जाणाऱ्या चपटीची सुरुवात अशाच पिकांपाशी होते. उसातून साखर काढल्यावर उरलेली मळी आंबवतात, तापवतात, तिची वाफ थंड करतात आणि जवळजवळ बिनवासाचा अल्कोहोल मिळवतात. धान्यापासूनही तो निघतो. 2007 मध्ये राज्य सरकारने ज्वारी-बाजरीपासून मद्यार्क काढणाऱ्या उद्योगांना प्रोत्साहन द्यायचे ठरवले, तेव्हा 'धान्यापासून दारू' हा मोठा वाद झाला होता. 2025 मध्ये तर 'महाराष्ट्र मेड लिकर' असा धान्याधारित मद्याचा वेगळा वर्गच तयार झाला.

या अल्कोहोलात थोडे माल्ट आणि कॅरॅमलचा रंग मिसळला की आपल्याकडची स्वस्त व्हिस्की तयार होते. युरोपीय संघात मळीची दारू व्हिस्की म्हणून विकता येत नाही. तिथे धान्य हवे आणि लाकडी पिंपातली किमान 3 वर्षेही हवीत.

धान्य कोणते, यावर मग प्रकार ठरतो. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त माल्ट केलेल्या बार्लीपासून गाळलेली व्हिस्की. माल्ट करणे म्हणजे घरात मटकीला आणतात तसे बार्लीला मोड आणायचे आणि मग ती वाळवायची. वाळवताना खाली पीट, म्हणजे दलदलीत हजारो वर्षे साचलेल्या वनस्पतींचा थर, जाळला तर धूर दाण्यात उतरतो. स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या लाफ्रॉइगला येणारा आयोडीनसारखा उग्र वास याच धुराचा. अमेरिकेच्या बर्बनमध्ये निदान 51 टक्के मका असतो आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरते, म्हणून व्हॅनिलाचा गोडवा ठळक लागतो. आयरिश व्हिस्की बहुतेकदा तीनदा गाळतात, त्यामुळे ती हलकी उतरते.

आता वयाचे. स्कॉचच्या बाटलीवर 12 असेल, तर आतल्या मिश्रणातली सर्वांत तरुण व्हिस्की 12 वर्षांची, एवढाच त्याचा अर्थ. ती वर्षेही पिंपातली. बाटली कपाटात कितीही वर्षे ठेवली, तरी आतल्या व्हिस्कीचे वय वाढत नाही.

पिंप मात्र हवा पाहून वागते. लाकडातून दरवर्षी थोडी व्हिस्की उडून जाते, तिला 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. स्कॉटलंडच्या गारठ्यात हा वाटा वर्षाला सुमारे 2 टक्के, तर बंगळुरूत 10 टक्क्यांच्या आसपास. 100 लिटर व्हिस्की 12 वर्षे ठेवली, तर तिकडे साधारण 78 लिटर उरेल, इकडे जेमतेम 28. उष्णतेने लाकडाशी देवाणघेवाणही झपाट्याने होते. बंगळुरूतले एक वर्ष स्कॉटलंडच्या तीन वर्षांएवढे, असा अमृत डिस्टिलरीच्या जाणकारांचा अंदाज आहे. मराठवाड्यासारख्या कोरड्या उन्हाळ्यात आणखी एक गंमत होईल. तिथे अल्कोहोलपेक्षा पाणी जास्त उडेल आणि उरलेली व्हिस्की उलट तेज होत जाईल.

मराठी कानाला ओळखीचे जगदाळे आडनाव अमृतच्या कथेत महत्त्वाचे आहे. राधाकृष्ण जगदाळे यांनी 1948 मध्ये बंगळुरूत अमृतची स्थापना केली. त्यांचे पुत्र नीलकंठ यांनी 2004 मध्ये ग्लासगोत, म्हणजे स्कॉचच्या घरातच, भारतीय सिंगल माल्ट बाजारात आणली. पुढे आलेल्या 'फ्यूजन'मध्ये भारतीय बार्लीसोबत पीटच्या धुरावर वाळवलेली स्कॉटिश बार्ली होती. 2010 च्या 'व्हिस्की बायबल'मध्ये समीक्षक जिम मरे यांनी तिला जगात तिसरे स्थान दिले. तिच्या लेबलवर वयाचा आकडा नव्हता. 2013 मध्ये याच घराण्याने 8 वर्षांची व्हिस्की काढली आणि नाव ठेवले 'ग्रीडी एंजल्स', हावरट देवदूत!

तुलना शिकायला गोव्याची पॉल जॉन सोयीची. कुंकळीच्या या डिस्टिलरीच्या 'ब्रिलियन्स', 'एडिटेड' आणि 'बोल्ड' या तिन्ही बाटल्यांत अल्कोहोल 46 टक्केच. पहिलीत पीट नाही, दुसरीत थोडा, तिसरीत भरपूर. चाखायच्याही त्याच क्रमाने, कारण धूर आधी जिभेवर बसला की मागून आलेली हलकी व्हिस्की फिकी वाटते. खाली फुगीर, वर निमुळता ग्लास, त्यात 10-15 मिली पुरे. नाक एकदम आत घालू नये, अल्कोहोलनेच ते बधिर होते. ग्लास थोडा दूर धरून, तोंड किंचित उघडे ठेवून वास घ्यावा. मग छोटा घोट, आणि पुन्हा एक घोट चार थेंब पाणी घालून. 2017 मध्ये स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी संगणकीय प्रतिकृतीतून दाखवले, की पातळ केल्यावर धुरकट वासाचा ग्वायकॉल हा रेणू पृष्ठभागाकडे सरकतो. बर्फ मात्र वास दाबतो. सोडा आणि चकण्यातली तिखट शेंगदाण्याची चटणी असेल, तर तुलनेचा विषयच मिटतो.

रंगावर जाऊ नये. स्कॉचमध्येही कॅरॅमल घालायला मुभा आहे, त्यामुळे गडद म्हणजे जुनी असे होत नाही. लेबलवर पाहायचे ते माल्ट की मिश्रण, पिंप कोणते आणि अल्कोहोल किती. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वय 25 पूर्ण हवे आणि परवानाही.

जुलै 2025 मध्ये झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारात स्कॉचवरचे आयातशुल्क 150 टक्क्यांवरून आधी 75 आणि दहा वर्षांत 40 टक्क्यांपर्यंत उतरवायचे ठरले आहे. तसे झाले, तर 12 चा आकडा मिरवणाऱ्या बाटल्या गोव्या-बंगळुरूच्या बिनआकडी माल्टशेजारी बऱ्याच कमी फरकाच्या किमतीत मांडलेल्या दिसतील.