गालाच्या स्नायूचे आतून मोजमाप

निपाणी ही बिडी-तंबाखूची जुनी पेठ. त्यामुळे तोंड आखडलेला रुग्ण समोर आला की दोष तंबाखूला देऊन आपण मोकळे होतो. वास्तविक सबम्युकस फायब्रोसिस या विकाराचे मूळ प्रामुख्याने सुपारीत आहे. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांमध्ये हा विकार वर्णिला. पुढच्याच वर्षी मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी त्यास आज रूढ असलेले नाव दिले. तंबाखूविना खाल्लेली सुपारीही कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या ग्रंथात नमूद केले. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली व कर्नाटकात २०१३ साली बंदी आली. पण मावा पानपट्टीवर हाताने चोळून होतो, त्याला कारखाना लागत नाही.

अशा रुग्णाची प्रगती आपण पट्टी लावून, वरच्या व खालच्या दातांतील अंतर मिलिमीटरमध्ये मोजून ठरवतो. हे माप आवश्यकच आहे. परंतु ते जबडा किती उघडतो एवढेच सांगते. गाल काम करतो की नाही, हे त्यातून कळत नाही.

गालाचे काम बक्सिनेटर या स्नायूचे. लॅटिनमध्ये या नावाचा अर्थ तुतारी वाजविणारा. आपल्याकडील सनईवाल्याचे फुगलेले गाल आठवावेत. चघळताना घास दातांखाली परत ढकलणे हे त्याचे नित्यकर्म. चेहऱ्याचा पक्षाघात झालेल्या रुग्णाच्या गालात भाकरीचा तुकडा साठून राहतो तो यामुळेच. फायब्रोसिसच्या पुढच्या अवस्थेत श्लेष्मल त्वचेखालील हे स्नायुतंतूही झिजतात, असे ऊतिपरीक्षणात आढळले आहे.

स्नायू आकुंचन पावताना निर्माण होणारा सूक्ष्म विद्युत्प्रवाह टिपणे म्हणजे इलेक्ट्रोमायोग्राफी. मात्र बक्सिनेटर खोलवर असतो. त्याच्या बाहेरून चरबीची गादी, आणि मागील भागावर मॅसेटर हा चर्वणाचा बलाढ्य स्नायू. त्वचेवर इलेक्ट्रोड लावला तर मॅसेटरचाच आवाज मोठा येतो. सुई टोचून नेमकी नोंद मिळते, पण आधीच जळजळणाऱ्या गालात सुई कोण टोचून घेईल? आतल्या बाजूने मात्र स्नायू आणि बोट यांच्यामध्ये श्लेष्मल त्वचेचा पातळ पडदाच असतो. म्हणून चांदीचे लहान इलेक्ट्रोड चिमट्याने किंवा चूषणाच्या वाटीने आतून बसवावयाचे आणि संदर्भासाठी एक कानाच्या पाळीवर लावावयाचा, अशी ही युक्ती आहे.

खरी अडचण लाळेची. लाळ वीजवाहक असल्याने दोन इलेक्ट्रोडमध्ये तिचा थर साचला की नोंद बिघडते. वरच्या दुसऱ्या दाढेसमोर पॅरोटिड ग्रंथीची नलिका उघडते, ती जागा टाळून, गाल पुसून कोरडा करून, थोडे पुढे व खाली इलेक्ट्रोड ठेवणे श्रेयस्कर.

नोंद खरी की उसनी, हे पडताळण्याची सोपी कसोटी आहे. रुग्णास दात घट्ट आवळावयास सांगावे. मॅसेटर तेव्हा पूर्ण जोरात असतो, बक्सिनेटर जवळजवळ शांत. आलेख उसळला, तर आपण शेजाऱ्याचे बोलणे ऐकत आहोत. चघळताना बक्सिनेटर प्रामुख्याने जबडा उघडतेवेळी जागा होतो. म्हणजे दोघांच्या वेळाच निराळ्या. त्यानंतर ओठ मिटून जोराने फुंकावयास सांगावे व तो आकडा शंभर टक्के धरून इतर क्रिया मोजाव्यात, अशी पद्धत आहे.

येथेच आपल्या रुग्णांबाबत सावध राहिले पाहिजे. ज्याचे फुंकणेच क्षीण झाले आहे, त्याच्या बाबतीत शंभर टक्के म्हणजे काय? शिवाय कडक, जाड झालेली श्लेष्मल त्वचा संकेत अडवते; आलेख लहान आला म्हणून स्नायू दुर्बळ, असा निष्कर्ष काढता येत नाही. दोन रुग्णांची तुलना तर सर्वथा टाळावी. एकाच रुग्णाची, त्याच जागी, त्याच यंत्रावर, पट्टे कापण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी आणि लाकडी पट्ट्यांच्या व्यायामानंतर घेतलेली नोंद मात्र अर्थपूर्ण ठरू शकेल.

हे तंत्र अद्याप मुख्यतः संशोधनाच्या दालनात आहे. दवाखान्यात तूर्त एवढे करता येईल: हातमोजा घालून तर्जनी गालाच्या आत ठेवावी, रुग्णास गाल दातांकडे दाबावयास सांगावे, आणि दोन्ही बाजूंचा जोर पट्टीच्या मापाशेजारी नोंदवहीत लिहून ठेवावा.