थुंकीचं रसायन, सोन्याचा वर्ख

जुन्या चर्चमधल्या लाकडी मूर्तीच्या दुरुस्तीचं काम पूर्ण झालं की ‘मूर्तीला नवी झळाळी’ असा मथळा हमखास येतो. तो वाचला की मला धास्ती वाटते. चारशे वर्षांच्या मूर्तीला झळाळी ‘नवी’ आली असेल, तर जुनी गेली कुठे?

लाकडावर सोनं थेट बसत नाही. आधी सरसात कालवलेल्या जिप्समचे किंवा खडूचे हात द्यायचे, वर तांबड्या मातीचा लेप, त्यावर वर्ख, आणि मग अकीकाच्या दगडाने घोटाई. जुन्या गोव्यातल्या बाँ जेझू चर्चची सोन्याने मढवलेली वेदी याच पद्धतीची, पोर्तुगीज परंपरेतली. दमट हवेत लाकूड आडवं फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. लेपाला ते झेपत नाही आणि पोपडे उठतात. ते पातळ सरस सोडून पुन्हा बसवता येतात. अवघड काम पुढेच आहे: वरची काजळी काढायची, पण खालच्या सरसाला पाणी लागू द्यायचं नाही.

यावर संवर्धकांचा पिढीजात उपाय म्हणजे थुंकी! कापसाचा बोळा थुंकीत भिजवायचा आणि न घासता अलगद फिरवायचा. पोर्तुगालच्या पाउला रोमाँव, आदीलिया आलार्काँव आणि सेझार व्हियाना यांनी १९९० साली या उपायाचं रसायन तपासलं. मळ काढण्याचं श्रेय मुख्यतः अल्फा-अमायलेज या विकराकडे जातं, असं त्यांना आढळलं. भाकरीचा घास चघळत राहिलं की गोड लागतो, तो याच विकरामुळे. शिवाय थुंकी चिकट असते, त्यामुळे ती पाण्यासारखी ओघळत नाही. तरीही आधी कोपऱ्यातल्या टिचभर जागेवर चाचणी करावीच लागते. या संशोधनाला २०१८ साली इग नोबेल हा गमतीदार संशोधनासाठीचा पुरस्कार मिळाला आणि जग हसलं. मला मात्र हे काम फार मोलाचं वाटतं. कारागिराच्या हातातलं ज्ञान त्यांनी प्रयोगशाळेत नेऊन सिद्ध केलं.

अशी सफाई टाळून घाईने रंग फासला की काय हरवतं, ते फ्लॉरेन्सने पाहिलं आहे. १९६६च्या पुरात शिल्पकार दोनातेल्लोची लाकडी मग्दालिया मरिया चिखलाने माखली. ती साफ करताना नंतर कुणीतरी चढवलेला तपकिरी थर उतरला आणि तिच्या केसांतलं मूळ सोनं उजेडात आलं.

आपल्याकडेही जुन्या सोन्यावर सर्रास पितळी भुकटीचा रंग मारला जातो. तो काही वर्षांत काळवंडतो आणि मग त्यावर आणखी एक हात बसतो. म्हणून देऊळ असो वा चर्च, रंगाचा डबा उघडण्याआधी विश्वस्तांनी संवर्धकाला बोलवावं आणि खालचे थर तपासून घ्यावेत.