टी पेशींचा ब्रेक कोणी सोडला?

दोस्तांनो, तुम्ही हे वाचताय ना, आत्ता या क्षणीही तुमच्या अंगात एक मोठी तपासणी चालू आहे. टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी शरीरभर हिंडताहेत आणि वाटेत भेटेल ती पेशी चाचपून बघताहेत. ही ठीक आहे ना? हिच्यात विषाणू तर शिरला नाही? शिरला असेल, तर टी पेशी तिला तिथल्या तिथे मारून टाकते.

मग कॅन्सरच्या पेशींचं काय? त्याही बिघडलेल्याच की! थांबायचं नाव न घेता त्या वाढत सुटतात आणि त्यांची गाठ होते. टी पेशी त्यांना का सोडून देतात?

हे कोडं सोडवणाऱ्यांपैकी एक शास्त्रज्ञ म्हणजे जेम्स अ‍ॅलिसन. त्यांचा जन्म १९४८ चा, अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या अ‍ॅलिस या छोट्या गावातला. जेम्स लहान असतानाच त्याची आई कॅन्सरने गेली. मुलगा मोठा जिद्दी. शाळेत जीवशास्त्राच्या तासाला उत्क्रांती शिकवत नाहीत म्हटल्यावर त्याने त्या वर्गात बसायलाच नकार दिला आणि विद्यापीठाच्या पत्राद्वारे चालणाऱ्या अभ्यासक्रमातून तो विषय पुरा केला!

शास्त्रज्ञ झाल्यावर अ‍ॅलिसननी टी पेशींचाच ध्यास घेतला. कॅन्सरचं औषध शोधायचं म्हणून नव्हे बरं का! ही एवढीशी पेशी काम कसं करते, हेच त्यांना आधी जाणून घ्यायचं होतं. हळूहळू उलगडत गेलं, की टी पेशी सायकलसारखी आहे. नुसतं शत्रूला ओळखून ती निघत नाही, तिच्या अंगावरच्या सीडी-२८ या प्रथिनाचं पेडलही मारावं लागतं. तिथे आणखी एक प्रथिन होतं, सीटीएलए-४. काही शास्त्रज्ञांना वाटायचं, हेही पेडलच. पण १९९५ च्या सुमारास अ‍ॅलिसन आणि इतर काही संशोधकांनी दाखवून दिलं, की तो तर ब्रेक आहे!

ब्रेक कशाला हवा? हे प्रथिन अजिबात नसलेले उंदीर शास्त्रज्ञांनी तयार केले, तेव्हा त्यांच्या टी पेशी बेसुमार वाढल्या, त्यांच्याच अवयवांवर तुटून पडल्या आणि उंदीर काही आठवड्यांत दगावले. म्हणजे ब्रेक हवाच. पण कॅन्सरशी लढताना तो थोडा वेळ सोडला तर?

१९९४ च्या अखेरीस हा प्रयोग झाला. गाठ असलेल्या उंदरांना ब्रेक अडवणारं प्रथिन टोचलं आणि गाठी नाहीशा झाल्या! अ‍ॅलिसनना खरंच वाटेना. नाताळच्या सुट्टीत लगेच प्रयोग पुन्हा लावला. गाठी मोजायला ते स्वतः बसले. कोणत्या पिंजऱ्यातल्या उंदरांना औषध दिलंय, हे त्यांनी मुद्दाम विचारलंच नाही. का सांगा? माहीत असलं की आपल्याला हवं तेच दिसायला लागतं! आधी सगळ्याच गाठी वाढत होत्या. मग काही उंदरांच्या गाठी वाढायच्या थांबल्या, लहान होऊ लागल्या आणि गेल्या. हे कोणते उंदीर, ते तुम्ही ओळखलंच असेल.

पण उंदरांपासून माणसांपर्यंत यायला पंधराहून अधिक वर्षं लागली. औषध कंपन्यांचा विश्वासच बसत नव्हता. अ‍ॅलिसन मात्र एकेकाला गाठून पटवत राहिले. शेवटी २०११ मध्ये इपिलिमुमॅब या औषधाला अमेरिकेत परवानगी मिळाली. शरीरभर पसरलेल्या मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरवरचं ते औषध. ज्यांच्यासाठी पूर्वी फारसं काही करता येत नसे, त्यांच्यातले काही रुग्ण त्याने अनेक वर्षं जगले. तिकडे जपानमध्ये क्योटोच्या तासुकु होंजो यांनी १९९२ मध्ये पीडी-१ हे प्रथिन शोधलं होतं. तोही टी पेशींचा ब्रेकच निघाला! २०१८ चं नोबेल पारितोषिक या दोघांना मिळून मिळालं.

आपल्या मुंबईतही टी पेशींवर सुंदर काम झालंय. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या मंडळींनी ब्रेकची नव्हे, वेगळीच वाट धरली. रुग्णाच्याच टी पेशी काढून घ्यायच्या, रक्ताच्या काही कॅन्सरच्या पेशी ओळखता येतील असा बदल त्यांच्यात करायचा आणि त्या परत त्याच्याच शरीरात सोडायच्या. २०२३ मध्ये या उपचाराला भारतात परवानगी मिळाली.

ब्रेक सोडणारी औषधं मात्र अजून सगळ्यांना लागू पडत नाहीत. शिवाय मोकळ्या सुटलेल्या टी पेशी कधी कधी आतड्यांना आणि त्वचेलाही इजा करतात. एकाची गाठ विरघळते आणि दुसऱ्याची तशीच राहते, असं का? अ‍ॅलिसन आणि त्यांच्या पत्नी, डॉक्टर व शास्त्रज्ञ पद्मनी शर्मा, यांनी ह्यूस्टनमध्ये हाच प्रश्न हाती घेतला. त्यासाठी रुग्णांच्या गाठींचे तुकडे उपचाराआधी आणि नंतर तपासून टी पेशी आत काय करताहेत, ते पाहिलं जातं. म्हणजे प्रश्न अजूनही तोच आहे: ही एवढीशी पेशी नेमकं काम तरी कसं करते?