गोरा ड्रमर, ट्रंपेट वाजवणारी काळी स्त्री: स्लाय स्टोनच्या बँडने काय मागे ठेवले?

स्लाय स्टोन ९ जून २०२५ रोजी वयाच्या ८२ व्या वर्षी गेले. आपल्याकडे हे नाव फारसे परिचित नाही. फंक म्हटले की आपल्याला जेम्स ब्राऊन आठवतात, फार तर प्रिन्स. पण प्रिन्स यांच्यासारखे कलाकार ज्या वाटेने आले, ती वाट १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत उभ्या राहिलेल्या ‘स्लाय अँड द फॅमिली स्टोन’ या बँडने मोकळी केली.

फंकमध्ये चालीपेक्षा ताल महत्त्वाचा. बास गिटार आणि ड्रम मागे न राहता पुढे येतात. स्लाय यांनी त्यात रॉकची गिटार, चर्चमधले सामूहिक गायन आणि सोल संगीतातली पितळी वाद्ये मिसळली. त्याआधी ते रेडिओ निवेदक होते. कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या स्टेशनवर ते बीटल्स आणि बॉब डिलनही वाजवत. कोणाचे संगीत कोणी ऐकायचे, ही वाटणी त्यांना मान्य नव्हती.

बँडही तसाच बांधला. स्लाय, भाऊ फ्रेडी, बहीण रोझ, बासवर लॅरी ग्रॅहम आणि ट्रंपेटवर सिंथिया रॉबिन्सन हे कृष्णवर्णीय. ड्रमर ग्रेग एरिको आणि सॅक्सोफोनवादक जेरी मार्टिनी गोरे. अमेरिकेतील १६ राज्यांत आंतरवंशीय विवाह हा गुन्हा ठरवणारे कायदे सर्वोच्च न्यायालयाने जून १९६७ मध्ये रद्द केले. म्हणजे हा बँड जमला तेव्हा ते कायदे लागू होते.

आमच्या मते खरा मुद्दा नुसत्या उपस्थितीचा नाही, कामाच्या वाटपाचा आहे. समाजकार्यात आम्ही नेहमी पाहतो की समितीत महिला असतात, पण चहा आणि हजेरीपट त्यांच्याकडेच जातो. सिंथिया मात्र मागे उभी राहून साथीला गाणारी नव्हती, ती ट्रंपेट वाजवायची. ‘डान्स टू द म्युझिक’ (१९६८) ऐका. एकेक वाद्य आपली ओळख करून देत येते आणि गायनही अनेक आवाजांत वाटलेले आहे. त्यात समतेवर भाषण कुठेच नाही, पण गाण्याची रचनाच समतेची आहे.

ग्रॅहम यांची बास वाजवण्याची पद्धत तर आज जगभर शिकवली जाते. ते पूर्वी आईसोबत कार्यक्रम करत. ड्रमर नसल्यामुळे त्यांनी अंगठ्याने तारेवर ठोका देऊन आणि बोटाने तार ओढून ड्रमची उणीव भरून काढली. यालाच स्लॅप बास म्हणतात. अडचणीतून निघालेला हा उपाय पुढे फंकची ओळखच झाला.

मात्र ही गोष्ट नुसती गोड नाही. ‘एव्हरीडे पीपल’ १९६९ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. नंतर, गोऱ्या सदस्यांना काढा, असा दबाव ब्लॅक पँथर पक्षाकडून आल्याचे सांगितले जाते. (१९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने नाव घेतले ते याच संघटनेवरून. त्यामुळे हा पेच आपल्यालाही परका नाही.) त्यातच स्लाय अमली पदार्थांच्या आहारी गेले, कार्यक्रम बुडू लागले, एरिको बाहेर पडले. १९७१ च्या ‘देअर्स अ रायट गोइंग ऑन’ या अल्बममध्ये अनेक ठिकाणी ड्रमरच्या जागी यंत्राचा ताल आहे. आवाज थकलेला आणि धूसर वाटतो. आनंदी सामूहिकतेनंतरचे ते एकटेपण आहे, आणि आम्हाला तोच अल्बम अधिक प्रामाणिक वाटतो.

पुढच्यांनी दोन्ही उचलले. टेम्प्टेशन्सचा सूर १९६८ मध्येच बदलला. हर्बी हॅनकॉक यांनी ‘हेड हंटर्स’ (१९७३) या जॅझ अल्बममधील एका रचनेला ‘स्लाय’ असे नाव दिले. जॅनेट जॅक्सन यांच्या ‘रिदम नेशन’चा (१९८९) पाया स्लाय यांच्याच गाण्यातल्या तुकड्यावर आहे, तर अरेस्टेड डेव्हलपमेंट या हिपहॉप गटाने ‘एव्हरीडे पीपल’वरून नवे गाणे बांधले.

१९६९ च्या उन्हाळ्यात हार्लेममध्ये झालेल्या महोत्सवाचे चित्रीकरण सुमारे ५० वर्षे पडून होते. ते ‘समर ऑफ सोल’ (२०२१) या ऑस्करविजेत्या माहितीपटातून समोर आले. त्यात तेव्हाचा एक प्रेक्षक आठवण सांगतो. या बँडचा ड्रमर गोरा आहे आणि ट्रंपेट एका बाईच्या हातात आहे, याचेच त्याला आधी नवल वाटले होते.