कॅथलिक शाळा आणि सार्वजनिक हित : अनुदानाच्या अटीचा प्रवास

मुंबईचे सेंट झेवियर्स (१८६९), पुण्याचे सेंट व्हिन्सेंट (१८६७), लखनौचे लॉरेटो कॉन्व्हेंट (१८७२) या शाळांच्या दारात प्रवेशासाठी रांग लावणाऱ्या पालकांमध्ये ख्रिस्ती पालक थोडेच असतात. २०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येत ख्रिस्ती समाजाचे प्रमाण अवघे २.३ टक्के आहे; तरीही या समाजाने चालविलेल्या शाळांचा प्रभाव त्याच्या संख्याबळाच्या कितीतरी पटींनी अधिक आहे. म्हणूनच या शाळा खाजगी की सार्वजनिक, हा प्रश्न वारंवार उपस्थित होतो. त्याचे उत्तर शोधताना सामान्यतः धर्म आणि संस्कृतीची चर्चा होते. अर्थशास्त्राचा अभ्यासक या नात्याने मला मात्र या प्रश्नाचे मूळ अधिक साध्या बाबीत दिसते : शाळेचा खर्च कोण करतो, आणि त्या मोबदल्यात शाळेने कोणासाठी दार उघडायचे?

अनुदानाची परंपरा

या व्यवस्थेचा पाया १८५४ च्या वुडच्या खलित्याने घातला. सर्व शिक्षणाचा खर्च सरकारला पेलवणार नाही, हे मान्य करून खाजगी संस्थांना सहायक अनुदान देण्याचे धोरण त्यात मांडण्यात आले. शाळेत धार्मिक शिक्षण दिले जाते की नाही, याची चौकशी सरकार करणार नव्हते. लौकिक शिक्षणाचा दर्जा, सरकारी तपासणीस संमती आणि अल्प का होईना पण फी, एवढीच अपेक्षा होती. मिशनरी संस्थांना हे धोरण अनुकूल ठरले.

स्वातंत्र्यानंतर संविधानाने हीच व्यवस्था मूलभूत हक्कांच्या चौकटीत आणली. अनुच्छेद ३०(१) नुसार धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शैक्षणिक संस्था स्थापन करण्याचा आणि चालविण्याचा हक्क मिळाला. अनुदान देताना अशा संस्थांबाबत भेदभाव करता येणार नाही, असे ३०(२) सांगतो. दुसऱ्या बाजूस, राज्याच्या निधीतून साहाय्य घेणाऱ्या संस्थेला केवळ धर्म, वंश, जात वा भाषा या कारणांवरून कोणाही नागरिकाला प्रवेश नाकारता येत नाही (२९(२)), आणि मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेत विद्यार्थ्यावर त्याच्या किंवा पालकाच्या संमतीविना धार्मिक शिक्षण लादता येत नाही (२८(३)). परीक्षार्थींनी ही कलमे सुटी सुटी पाठ न करता परस्परांशी जोडून वाचावीत.

या संदर्भात अनुच्छेद ३३७ सहसा दुर्लक्षिला जातो. अँग्लो-इंडियन समाजाच्या शाळांना, ज्यांत कॅथलिक शाळांची संख्या मोठी होती, स्वातंत्र्यापूर्वीपासून मिळणारे विशेष अनुदान एकदम न थांबविता दर तीन वर्षांनी दहा टक्क्यांनी कमी करीत दहा वर्षांत संपवावे, अशी तरतूद त्यात होती. त्यासाठी अटही होती : वार्षिक प्रवेशांपैकी किमान ४० टक्के जागा अन्य समाजांतील मुलांना उपलब्ध असल्या पाहिजेत. घटनाकारांनी येथे हक्क, पैसा आणि खुले दार या तिन्ही गोष्टी एकाच सूत्रात गुंफल्या होत्या.

या सूत्राची कसोटी लवकरच लागली, आणि तीही महाराष्ट्राच्या भूमीत. जानेवारी १९५४ मध्ये तत्कालीन मुंबई सरकारने आदेश काढला की, इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत अँग्लो-इंडियन आणि आशियाई वंशाचे नसलेले नागरिक वगळता इतर मुलांना प्रवेश देऊ नये. नाशिकजवळच्या देवळाली येथील बार्न्स हायस्कूलने (ही शाळा अँग्लिकन, कॅथलिक नव्हे) त्यामुळे एका भारतीय ख्रिस्ती आणि एका गुजराती हिंदू मुलाला प्रवेश नाकारला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. आदेश २९(२) चा भंग करतो, असा निर्णय त्याच वर्षी झाला. ४० टक्के जागा इतरांना द्याव्यात असे संविधान सांगत असता सरकारच त्या जागा बंद कशा करू शकते, हा युक्तिवादही निकालात महत्त्वाचा ठरला. येथे दार उघडे ठेवू पाहणारी शाळा होती आणि ते बंद करू पाहणारे सरकार. आजच्या वादात भूमिका नेमक्या उलट झालेल्या दिसतात.

गोव्याचा अनुभव

अनुदान हे किती प्रभावी साधन आहे, हे गोव्याइतके स्पष्टपणे क्वचितच कोठे दिसले असेल. १९९० मध्ये तेथील सरकारने केवळ मातृभाषेतून शिकविणाऱ्या प्राथमिक शाळांनाच अनुदान देण्याचे धोरण स्वीकारले. शिक्षणमंत्री होत्या शशिकला काकोडकर. चर्चच्या संस्थेने चालविलेल्या प्राथमिक शाळांनी यानंतर इंग्रजीऐवजी कोकणी माध्यम स्वीकारले. कोकणी शिकवायची ती देवनागरीतून. गोव्याच्या कॅथलिक समाजाची वहिवाट मात्र रोमी लिपीची. अनेक पालकांना हा बदल रुचला नाही. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी विनाअनुदानित इंग्रजी शाळांची वाट धरली. ज्यांच्याकडे नव्हता त्यांना निवडच उरली नाही. भाषेच्या रक्षणाचा भार अशा प्रकारे गरीब कुटुंबांवर अधिक पडला, असे माझे मत आहे, जरी धोरणामागील शैक्षणिक विचार चुकीचा नव्हता. २०११ मध्ये दिगंबर कामत सरकारने इंग्रजी माध्यमालाही अनुदान खुले केले. पुढे मनोहर पर्रीकर सरकारनेही चर्चच्या इंग्रजी प्राथमिक शाळांचे अनुदान चालू ठेवले, आणि त्यावरून भारतीय भाषा सुरक्षा मंचाने मोठे आंदोलन उभारले.

वसईत याच्या विरुद्ध चित्र आहे. तेथील कॅथलिक समाजाने मराठी माध्यमाच्या शाळा दीर्घकाळ चालविल्या. ‘सुवार्ता’चे माजी संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, ते याच परिसरातून आलेले. तेव्हा कॅथलिक शाळा म्हणजे इंग्रजी शाळा हे समीकरण सरसकट खरे नाही.

पंचवीस टक्क्यांचा प्रश्न

शिक्षण हक्क कायदा, २००९ ने विनाअनुदानित शाळांवरही सार्वजनिक जबाबदारी टाकली : प्रवेशाच्या इयत्तेत किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना मोफत. शासन दर विद्यार्थ्यामागे स्वतःचा होणारा खर्च किंवा शाळेची फी, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती परत करते. उरलेला भार शाळेने सोसायचा. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना यातून वगळले. ६ मे २०१४ रोजी ‘प्रमती’ खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने अनुदानित अल्पसंख्याक शाळांनाही, आणि तेही संपूर्ण कायद्यातूनच, सूट दिली.

यातील पहिली सूट समजण्यासारखी आहे; ज्या शाळेला शासन काही देत नाही, तिच्या स्वायत्ततेत हस्तक्षेप करताना संकोच हवा. दुसरी सूट मात्र १८५४ पासून चालत आलेल्या तत्त्वालाच छेद देते. करदात्याच्या पैशातून शिक्षकांचे वेतन घ्यायचे आणि शेजारच्या वस्तीतील गरीब मुलासाठी कोणतेही वैधानिक बंधन नको, हे अर्थशास्त्रीय तर्कात बसत नाही. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार ख्रिस्ती शाळांतील सुमारे ७४ टक्के विद्यार्थी अन्य समाजांतील होते. तर सर्व अल्पसंख्याक शाळा मिळून सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचित विद्यार्थ्यांचे प्रमाण जेमतेम पावणेनऊ टक्के. दार धर्माच्या बाबतीत उघडे आहे, ऐपतीच्या बाबतीत नाही, असा याचा अर्थ होतो.

कायद्याविनाही हे दार उघडता येते, याचे उदाहरण कॅथलिक शाळांमध्येच आहे. कोलकात्याच्या लॉरेटो सियालदा शाळेत सिस्टर सिरिल मूनी यांनी १९८० च्या दशकात रस्त्यावरील मुलांसाठी शाळेतच वर्ग सुरू केले. फी भरणाऱ्या मुली या मुलांना शिकवीत, आणि शाळेतील जवळपास निम्म्या विद्यार्थिनी गरीब घरांतील असत. या कार्यासाठी त्यांना २००७ मध्ये पद्मश्री मिळाली. तथापि एका व्यक्तीच्या निष्ठेवर उभी असलेली योजना हे धोरण ठरू शकत नाही. किती शाळांनी तिचे अनुकरण केले हे पाहिले की ते ध्यानात येते.

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. दीपांकर दत्ता आणि न्या. मनमोहन यांच्या पीठाने ‘प्रमती’ निर्णयाविषयी शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठापुढे ठेवण्याची शिफारस सरन्यायाधीशांकडे केली. ही प्रकरणे महाराष्ट्र आणि तमिळनाडूतून आली होती व मूळ वाद शिक्षक पात्रता परीक्षेचा होता. पीठाने उपस्थित केलेल्या प्रश्नांपैकी एक विशेष लक्षणीय आहे : २५ टक्क्यांच्या अटीमुळे अल्पसंख्याकांच्या हक्कावर आक्रमण होत असेल, तर ती रद्दबातल समजण्याऐवजी, त्या जागा शेजारच्या त्याच अल्पसंख्याक समाजातील दुर्बल मुलांना देता येतील, असा अर्थ लावता आला नसता का? म्हणजे एखाद्या कॅथलिक शाळेने निदान आपल्या परिसरातील गरीब कॅथलिक घरातील मुलाला तरी मोफत प्रवेश द्यावा.