मॅग्नेशिया : नाव एक, अर्थ अनेक

मॅग्नेशियम आणि मँगनीज या दोन मूलद्रव्यांच्या नावांत परीक्षेच्या वेळी हमखास गोंधळ होतो. एकाचा अणुक्रमांक १२, दुसऱ्याचा २५. गुणधर्मही अगदी वेगळे. मग नावे इतकी सारखी का? आणि चुंबकाला इंग्रजीत ‘मॅग्नेट’ म्हणतात, त्याचा यांच्याशी काही संबंध आहे का? या प्रश्नांची उत्तरे भूगोलात आहेत.

ग्रीसच्या पूर्व किनाऱ्यावर थेसलीमध्ये मॅग्नेशिया नावाचा प्रदेश आहे. तेथील लोकांनी समुद्रापलीकडे, आजच्या तुर्कस्तानात, दोन नगरे वसवली अशी परंपरा सांगते. दोन्ही नगरांचे नाव मॅग्नेशियाच! एक मिअँडर नदीजवळ होते. त्याचे आता अवशेष उरले आहेत. दुसरे सिपिलस डोंगराच्या पायथ्याशी. ते आजही ‘मनिसा’ या नावाने नांदते आहे.

लोखंड ओढणाऱ्या दगडाला ग्रीक लोक ‘मॅग्नेशियाचा दगड’ म्हणत. पण कोणत्या मॅग्नेशियाचा? यावर विद्वानांचे आजही एकमत नाही. त्यातच पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने लिहून ठेवले आहे, की आशियातील मॅग्नेशियाचा दगड पांढरा असून तो लोखंडाला ओढत नाही! म्हणजे एकाच नावाखाली निरनिराळे दगड त्या काळीच वावरत होते.

पुढे हा घोळ वाढत गेला. काचेतील लोहामुळे तिला हिरवट झाक येते. ती घालवण्यासाठी कारागीर एक काळी पूड वापरत. तिला ‘काळा मॅग्नेशिया’ म्हणू लागले. पोटाच्या तक्रारींवर दिली जाणारी पांढरी पूड झाली ‘पांढरा मॅग्नेशिया’.

हा गुंता प्रयोगांनी सोडवला. जोसेफ ब्लॅक याने १७५६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून पांढरा मॅग्नेशिया चुन्याहून वेगळा असल्याचे दाखवले. १७७४ मध्ये शील याने काळ्या पुडीत नवी धातू असल्याचे ओळखले आणि त्याचा मित्र गान याने ती वेगळी केली. तेच मँगनीज. त्याचे खनिज आपल्याकडे नागपूर व भंडारा जिल्ह्यांत सापडते. १८०८ मध्ये हंफ्री डेव्हीने पांढऱ्या मॅग्नेशियातील धातू विजेच्या साहाय्याने मिळवली. ‘मॅग्नेशियम’ हे नाव तेव्हा मँगनीजसाठी वापरात होते, म्हणून गोंधळ टाळण्यासाठी त्याने ‘मॅग्नियम’ हे नाव सुचवले. ते मात्र टिकले नाही!

आणि लोखंड ओढणारा मूळ दगड? तो मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचे एक ऑक्साइड. त्यात ना मॅग्नेशियमची गरज, ना मँगनीजची.

हे तुम्हीच पडताळून पाहा. शिक्षकांच्या मदतीने प्रयोगशाळेतील मॅग्नेशियमची फीत, मँगनीज डायऑक्साइडची पूड आणि लोहकीस घ्या. पूड व कीस कागदाच्या वेगवेगळ्या पुड्यांत बांधा. आता साधा पट्टीचुंबक एकेकाजवळ न्या. नावात ‘मॅग्ने’ असलेली फीत जागची हलणार नाही, काळी पूडही नाही. लोहकिसाची पुडी मात्र चटकन चिकटेल.

पदार्थाचे नाव त्याचा इतिहास सांगते. त्याचा गुणधर्म मात्र प्रयोगालाच विचारावा लागतो.