तळे आणि त्याच्या काठची जमीन

बंगळूर शहर मोठ्या नदीच्या काठी वसलेले नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या पठारावर ते उभे आहे आणि या पठारावर पडणारा पाऊस उथळ दऱ्यांमधून चहूकडे वाहून जातो. या पाण्याचा ओघ अडवावा या हेतूने इथल्या लोकांनी शतकानुशतके दऱ्यांवर मातीचे बांध घातले. बांधामागे जे पाणी साठले त्याला कन्नड भाषेत 'केरे' म्हणतात. आज बंगळूरमध्ये जी तळी दिसतात ती जवळजवळ सर्व माणसाने निर्माण केलेली आहेत. प्रत्येक तळ्याला जादा पाण्यासाठी एक सांडवा ठेवलेला असतो. सांडव्यावरून निघालेले पाणी पाटाने खालच्या तळ्यात जाते व तेथून त्याच्या खालच्या तळ्यात. विदर्भातील भंडारा-गोंदिया भागातले मालगुजारी तलाव ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही रचना समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

अशा तळ्याची निगा राखणे हे गावाचे काम होते. बंगळूरच्या आग्नेयेस अगर येथे गंग राजवटीतील, नवव्या शतकातला एक शिलालेख आहे. त्यात तळ्यांना मोऱ्या बसविल्याचा व एक नवे तळे बांधल्याचा उल्लेख आढळतो. मोरीतून कोणाच्या शेताला केव्हा व किती पाणी सोडावयाचे हे ठरविणाऱ्या माणसाला 'नीरगंटी' म्हणत. आपल्याकडील पाटकऱ्यासारखेच त्याचे काम असे. उन्हाळ्यात तळ्याचा गाळ शेतकरी आपल्या शेतात नेत. त्यामुळे शेताला खत मिळे आणि तळ्याची खोलीही टिकून राही. कुंभारांना माती, गुरांना गवत, धोब्यांना घाट व कोळ्यांना मासळी याच पाण्यातून लाभत असे. थोडक्यात, तळे म्हणजे केवळ पाण्याने व्यापलेला खोलगट भाग नव्हे. वरचे पाणलोट क्षेत्र, पाणी आणणारे पाट, बांध, मोरी, सांडवा आणि खालची भिजणारी शेते मिळून तळे पूर्ण होते.

शहराच्या पूर्वेस अशी दोन विस्तीर्ण तळी एकापाठोपाठ एक आहेत. वरचे बेळ्ळंदूर सुमारे ९०० एकरांचे आणि खालचे वर्तूर सुमारे ४४० एकरांचे. शहराच्या दक्षिण व मध्य भागातील पाणी कोरमंगल-चल्लघट्ट दरीतून बेळ्ळंदूरला येते, तेथून वर्तूरला जाते आणि अखेर दक्षिण पिनाकिनी नदीस मिळते. वर्तूर गावाच्या उत्तरेस थोड्या अंतरावर व्हाइटफील्ड नावाचे उपनगर आहे. गेल्या तीस वर्षांत या परिसरात जमिनीचे जे झाले, ते भारतातील पुष्कळ शहरांच्या सीमेवर होत आहे. म्हणून या एका भागाकडे बारकाईने पाहणे उपयुक्त ठरेल.

व्हाइटफील्डचा जन्म व्यापारातून झाला नाही. म्हैसूर व कूर्ग येथील अँग्लो-इंडियन समाजाच्या संघटनेचे प्रमुख डी. एस. व्हाइट यांना असे वाटत होते की, आपल्या लोकांनी केवळ सरकारी नोकरीवर विसंबून न राहता शेती करून स्वावलंबी व्हावे. म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांनी १८८२ साली या कामासाठी सुमारे ३,९०० एकर जमीन दिली. मध्यभागी वर्तुळाकार रस्ता, त्याच्या कडेने बागांमध्ये बसविलेली बैठी घरे, प्रार्थनामंदिर आणि बंगळूर-मद्रास लोहमार्गावरील स्थानक अशी ही वसाहत होती. शेतीचा प्रयोग फारसा फळाला आला नाही, तरी एक शांत गाव म्हणून व्हाइटफील्ड शंभर वर्षे टिकले. १९९० नंतरच्या दशकात तेथे माहिती-तंत्रज्ञानाचे मोठे संकुल उभारण्यात आले आणि पाठोपाठ हजारो नोकरदार कुटुंबे घरांच्या शोधात आली. रागी, भात व भाजीपाला पिकविणाऱ्या गावांच्या जमिनींना, पिकांतून कधीही मिळाली नसती अशी किंमत येऊ लागली.

शेतजमिनीचे घराच्या भूखंडात रूपांतर कसे होते, हे आता पाहू. कर्नाटकात महाराष्ट्रातील सातबाऱ्यासारखा जो उतारा असतो त्याला 'पहाणी' म्हणतात. त्यावरील जमीन निवासासाठी वापरावयाची तर बिगरशेतीची परवानगी, अभिन्यासाला मंजुरी व स्थानिक संस्थेच्या दप्तरी 'खाते' असे टप्पे पार पाडावे लागतात. मागणी वेगाने वाढली तेव्हा पुष्कळ ठिकाणी हे टप्पे गाळले गेले. शेताचे तुकडे पाडून ते तसेच विकण्यात आले. अशा मिळकतींची नोंद 'ब' खात्यात होऊ लागली. कर घेतला जाई, परंतु त्याने मिळकत पूर्णतः नियमित झाली असे मानले जात नसे. कर्ज काढताना किंवा घर विकताना हा भेद मालकाला प्रथमच जाणवतो.

याहून महत्त्वाची नोंद मात्र खरेदीदार क्वचितच वाचतो. मोजणीच्या कागदपत्रांत प्रत्येक सर्व्हे नंबरात लागवडीखाली न येणारे क्षेत्र वेगळे दाखविलेले असते. महाराष्ट्रात त्याला पोटखराबा म्हणतात, कर्नाटकात 'खराब'. त्यातील 'ब' वर्गात रस्ते, ओढे, पाट व तळी यांची जमीन येते. ती सार्वजनिक असते आणि तिची विक्री होऊ शकत नाही. शेतकऱ्याच्या शेतातून दोन तळ्यांना जोडणारा जो पाट जातो तो याच वर्गातला. बंगळूरमध्ये अशा मोठ्या पाटाला 'राजकालुवे' असे भारदस्त नाव आहे. उन्हाळ्यात तो कोरडा असतो, तेथे झुडपे उगवतात आणि जमीन पाहावयास आलेल्या माणसाला ती वाया गेलेली पट्टी वाटते. ती बुजवून भूखंडात सामील करणे किंवा तिच्यावर रस्ता काढणे कोणालाही सोपे वाटते.

येथेच या प्रश्नाची गाठ आहे. तळ्याकाठच्या घराची जाहिरात करताना पाण्याचे दृश्य विकले जाते. सज्जातून तळे दिसत असेल तर सदनिकेची किंमत चढते. परंतु हे दृश्य ज्यावर अवलंबून आहे ती जमीन, म्हणजे पाट, सांडवा, काठची दलदल व पाणलोट क्षेत्र, कोणाच्याही खरेदीखतात येत नाही. तिची बाजारात किंमत शून्य असते आणि म्हणून ती प्रथम नाहीशी होते. विकल्या जाणाऱ्या जमिनीचे मोल न विकल्या जाणाऱ्या जमिनीवर उभे असते, ही गोष्ट तळ्याकाठच्या वस्त्यांना सहसा उशिरा कळते.

बंगळूरच्या पूर्वभागाला ती दोन प्रकारे कळली. पहिला प्रकार सांडपाण्याचा. शहर वाढले, पण मैलापाण्याच्या नळांचे जाळे त्या वेगाने वाढले नाही. पावसाचे पाट वर्षभर सांडपाणी वाहू लागले आणि ते सर्व बेळ्ळंदूरमार्गे वर्तूरला पोचले. साबणचुऱ्यातील द्रव्ये व मैल्यातील पोषकद्रव्ये पाण्यात साचली. तळ्याच्या तळाशी कुजलेल्या गाळातून ज्वालाग्राही वायू निघू लागले. सांडव्यावरून पाणी वेगाने कोसळले की घुसळण होऊन फेसाचे डोंगर तयार होत व वाऱ्याने रस्त्यावर उडत. २०१५ साली या फेसाला आग लागली, तेव्हा पाणी पेटले अशी बातमी देशभर झाली. २०१७ च्या फेब्रुवारीत बेळ्ळंदूरच्या काठावर पुन्हा वणवा भडकला. २०१८ च्या जानेवारीतील आग विझविण्यासाठी लष्कराच्या जवानांचे साहाय्य घ्यावे लागले.

दुसरा प्रकार पुराचा. २०२२ च्या ऑगस्टअखेरीस व सप्टेंबरच्या आरंभी झालेल्या पावसात सर्जापूर रस्ता, बेळ्ळंदूर व महादेवपुरा भागातील अनेक वसाहती पाण्याखाली गेल्या. त्यांत झोपड्या होत्या, तसे कोट्यवधी रुपयांचे बंगलेही होते. लोकांना ट्रॅक्टर व होड्यांमधून बाहेर काढावे लागले. पाऊस मोठा होता, यात शंका नाही. परंतु पाणी शिरले ते मुख्यतः जुन्या पाटांच्या वाटेने. कागदावरील ओढा जमिनीवर बुजविता येतो, पण उतार बुजविता येत नाही. पाणी आपली वाट विसरत नाही.

कायद्याने या गोष्टीची दखल घेतली नाही असे नाही. १९८५ साली एन. लक्ष्मणराव यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने उरलेली तळी जतन करावीत व त्यांचे बांध फोडू नयेत अशी शिफारस केली होती. २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाने तळ्याच्या काठापासून ७५ मीटरपर्यंत बांधकाम होऊ नये असा आदेश दिला. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला व नगरविकास आराखड्यातील ३० मीटरची मर्यादा कायम राहिली. हा फरक किती मोठा आहे हे साध्या हिशेबाने समजते. काठाच्या दर किलोमीटरमागे ४५ मीटर रुंदीची पट्टी म्हणजे साडेचार हेक्टर, अर्थात सुमारे अकरा एकर जमीन. व्हाइटफील्डसारख्या भागात अकरा एकरांचे मोल काय होते, हे ध्यानी घेतले म्हणजे हा वाद इतका अटीतटीने का लढविला गेला ते उमगते. मात्र ज्यांनी मंजुरी घेऊन पूर्वीच घरे बांधली, त्यांच्या डोक्यावर नंतरच्या नियमाची तलवार टांगावी काय, हा प्रश्नही खोटा नव्हता.

पिण्याच्या पाण्याचीही अशीच स्थिती आहे. २००७ साली आसपासची ११० गावे महानगरपालिकेत आली, पण कावेरीचे पाणी त्यांच्यासाठी खास आखलेल्या पाचव्या टप्प्यातून सुरू होण्यास २०२४ चा ऑक्टोबर उजाडला. मधल्या काळात हजारो कुटुंबे कूपनलिका व टँकर यांवर राहिली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात कूपनलिका आटल्या आणि टँकरचे दर भडकले. तळे भरले की भोवतालच्या विहिरींना पाणी उतरते, हे जुन्या गावकऱ्याला ठाऊक होते. सातव्या मजल्यावरील रहिवाशाला ते टँकरच्या बिलातून शिकावे लागले.

अशा संकटांतूनच सामाजिक जीवनाची नवी घडी बसू लागते. वेगवेगळ्या राज्यांतून आलेले, एकमेकांची भाषा न जाणणारे लोक पाण्यासाठी एकत्र आले. सर्जापूर रस्त्यावरील कैकोंद्रहळ्ळीचे सुमारे ४८ एकरांचे तळे हे त्याचे बोलके उदाहरण होय. रहिवासी, गावकरी, पर्यावरणाचे अभ्यासक व महानगरपालिका यांच्या सहकार्याने २००८ नंतर त्याचे पुनरुज्जीवन झाले. व्हाइटफील्डमध्ये २०१३ पासून 'व्हाइटफील्ड रायझिंग' या नागरिकांच्या चळवळीने कचरा, रस्ते व तळी हे विषय हाती घेतले.

परंतु येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. नव्या रहिवाशाला तळे फिरावयास, पक्षी पाहावयास व मन रमवावयास हवे असते. जुन्या गावकऱ्याला तेथे गुरे चारावयाची, गवत कापावयाचे, मासे धरावयाचे व ग्रामदेवतेचा विधी करावयाचा असतो. तळ्याला कुंपण घालून ठरावीक वेळीच दार उघडले की काठ स्वच्छ राहतो खरा, पण तळ्याचे रक्षण करणारी अर्धी माणसे बाहेर पडतात. तळ्याभोवती केवळ चालण्याची वाट व दिवे लावले आणि पाटांकडे दुर्लक्ष केले, तर तयार होते ती शोभेची टाकी. कैकोंद्रहळ्ळीत गवत कापण्यास व मासेमारीस स्थान राहिले, हे त्या प्रयत्नाचे महत्त्वाचे वैशिष्ट्य मानावयास हवे.

वर्तूर व बेळ्ळंदूर यांचे काम अधिक कठीण आहे. हरित लवादाने २०१८ च्या अखेरीस न्या. संतोष हेगडे यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती नेमली. त्यानंतर दोन्ही तळी रिकामी करून गाळ काढण्यास प्रारंभ झाला. २०१८ पासून या दरीतील शुद्ध केलेले सांडपाणी नळांनी कोलार जिल्ह्यातील कोरड्या तळ्यांत नेले जाते. पण वरच्या दरीतून येणारे सांडपाणी शुद्ध होऊनच उतरले पाहिजे, अन्यथा काढलेला गाळ पुन्हा साचेल.

तळ्याकाठी घर घेऊ पाहणाऱ्याने म्हणून किंमत व दृश्य यांपूर्वी काही प्रश्न विचारावेत. गावाच्या जुन्या नकाशात या भूखंडाच्या जागी काय दाखविले आहे? वरच्या तळ्याचा सांडवा कोणत्या बाजूस आहे व त्याचे पाणी कोठून जाते? संकुलातील सांडपाणी शुद्ध होते काय, आणि उरलेले कोठे सोडले जाते? या प्रश्नांची उत्तरे विक्रेत्याच्या माहितीपत्रकात नसतात. ती भूमापन कार्यालयात असतात आणि पुष्कळदा गावातील वृद्ध माणसांच्या स्मरणात असतात. पूर्वी ही माहिती सांभाळणारा नीरगंटी प्रत्येक गावात होता. ते पद लोपले तरी त्याचे काम शिल्लकच आहे, आणि ते आता काठावर राहणाऱ्या सर्वांनी मिळून करावयाचे आहे.